बरगडी मोडली तर?

प्रश्न : आमच्या गणेश मंडळात सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवणं, शिकवायचंय. बायका विचारतात, दाबताना बरगडी मोडली तर?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मोडू दे की! बरगडी जुळते, थांबलेलं हृदय वाट बघत नाही. निपाणीत मी वखारीतल्या बायकांना शिकवलं. तंबाखू चाळून कसलेले हात, जोर भरपूर. पण कोपरं वाकायची. शिवाय पहिलीनं ‘पेशंट’ गादीवरच ठेवला! जमिनीवर घ्या. हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, की 108 लावून फोन स्पीकरवर ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच (मनगटाजवळचा भाग), 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर वेळी छाती पुरती वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेला हात वरवर दाबतो. आणि कांदा हुंगवणाऱ्या काकांना गेटवर उभं करा, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला.