मागण्यांच्या यादीआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे

आपला प्रश्न वाचला आणि आमच्याच कॉलनीचे जुने निवेदन कोणी पुन्हा समोर ठेवले आहे असे वाटले. हद्दवाढीत महापालिकेत आलेले गाव, बिगरशेती रेखांकनातील (शेतजमीन बिगरशेती करून पाडलेल्या भूखंडांच्या नकाशातील) घरे, पावसाळ्यात चिखलात जाणारा अंतर्गत रस्ता, निम्मे बंद पथदिवे, कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग, गतिरोधकाची मागणी आणि झुडपे माजलेल्या मोकळ्या जागेत बाग व्हावी ही सर्वांची इच्छा. या सगळ्याचे एकत्र निवेदन सह्यांनिशी देऊनही ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल’ यापलीकडे उत्तर येत नाही, तेव्हा आता आंदोलन करावे की नगरसेवकाला गाठावे, असे आपण विचारले आहे. सह्या, निवेदन, पोच हे सर्व आपण व्यवस्थित केलेले दिसते, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही.

माझे मत असे की सध्या दोन्ही करू नये. आधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळवावे. आपला अंतर्गत रस्ता आणि ती मोकळी जागा कागदोपत्री महापालिकेच्या ताब्यात आहे का? आपल्या पोस्टमध्ये याचा कोठेच उल्लेख नाही, आणि ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे ठरीव वाक्य मला ज्या ज्या कॉलनीत पाहायला मिळाले त्यांपैकी बहुतेक ठिकाणी खरी अडचण निधीची नव्हती, ताब्याची होती.

हे होते कसे ते थोडक्यात सांगतो. जमीनमालक रेखांकन मंजूर करून घेतो, नकाशात रस्ते आणि मोकळी जागा दाखवतो, भूखंड विकून मोकळा होतो. भूखंडांचे सातबारे खरेदीदारांच्या नावे वेगळे होतात, पण रस्त्याखालची जमीन अनेकदा मूळ मालकाच्याच नावावर राहून जाते. ग्रामपंचायत असेपर्यंत कोणाला काही अडत नाही, कारण सरपंच ओळखीचे असतात आणि पावसाळ्याआधी दोन ट्रॅक्टर मुरूम येऊन पडतो. ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद ‘नमुना २३’ या तिच्या नोंदवहीत असावी लागते, ती मात्र कोणी केलेली नसते. पुढे हद्दवाढ होते, जसे पुण्यात २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली, आणि ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेकडे जाते. नोंदवहीत जो रस्ता नाही तो महापालिकेच्या हिशेबी खासगी ठरतो. खासगी जागेवर सार्वजनिक पैसा खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, म्हणून कनिष्ठ अभियंता त्या कामाचे पूर्वगणनपत्रकच (खर्चाचा अंदाज) तयार करत नाही. इथपर्यंत मी अभियंत्याला दोष देणार नाही. त्याच्या जागी मी असतो तरी सही केली नसती.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. आमचे काम ज्या कार्यालयाकडे होते (नाव लिहीत नाही, आणि कोणी ओळखलेच तर कृपया प्रतिसादात लिहू नये) त्याने आमचा प्रत्येक अर्ज हसतमुखाने स्वीकारला, आवक क्रमांक दिला, गोल शिक्का मारला आणि वर्षानुवर्षे तेच एक वाक्य पाठवले. रस्ता आपल्या नोंदीत नाही हे तिथल्या टेबलांना माहीत होते. आमच्या अर्जाची धारिका (फाइल) पुढे पाहायला मिळाली तेव्हा पहिल्याच अर्जाच्या समासात पेन्सिलीने ‘ताबा नाही, पाहावे’ असा शेरा होता आणि खाली कोणाचीही सही नव्हती. तो शेरा शाईने लिहून आम्हाला कळवला असता तर एका ओळीत काम झाले असते. त्याऐवजी कागद पथ विभागातून मालमत्ता विभागात, तेथून विद्युत विभागात आणि ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन परत पथ विभागात फिरत राहिला. दरम्यान कितीतरी अंदाजपत्रके येऊन गेली, शेजारच्या वसाहतीचे काँक्रिटीकरण झाले, आणि आमच्यातल्याच काही जणांनी समितीच्या लोकांवर ‘तुम्ही नीट पाठपुरावा करत नाही’ असा ठपका ठेवला. रस्त्याच्या खड्ड्यांपेक्षा या आपसातील कटुतेने कॉलनीचे अधिक नुकसान केले. नकार देण्याचीही एक सभ्यता असते. नकार लेखी दिला तर माणूस निदान पुढचा दरवाजा ठोठावतो. होकार नाही, नकार नाही, अशा उत्तराला अपील तरी कशाच्या आधारावर करणार?

तर हा शोध कसा घ्यावा ते सांगतो. मी वकील नाही आणि प्रत्येक गावाची कागदपत्रे वेगळी असतात, त्यामुळे पुढील मजकूर अनुभव म्हणून वाचावा, सल्ला म्हणून नव्हे. मंजूर रेखांकनाची प्रत आणि बिगरशेती आदेश आधी मिळवावेत; आदेशातील अटींमध्ये रस्ते व मोकळ्या जागेचे काय करायचे हे बहुधा लिहिलेले असते आणि ते कोणी वाचलेले नसते. त्यानंतर रस्त्याच्या गट क्रमांकाचा ताजा सातबारा, किंवा सिटी सर्व्हे झाला असल्यास मालमत्ता पत्रक, आणि हस्तांतरित दप्तरातील नमुना २३.

यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी एकदा सोमवारी दुपारी कार्यालयात जाऊन यावे. राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. पुण्याच्या महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. महिन्याचा पहिला सोमवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो आणि आपल्याला हवा असलेला माणूस नेमका तिकडे अडकलेला असतो. लाल फडक्यात बांधलेले दप्तर सोडायला लावताना तेथील कर्मचारी कुरकुर करील. आदेशाची छापील प्रत जवळ ठेवावी आणि आवाज चढवू नये.

तिथे दाद लागली नाही तर माहिती अधिकार आहेच, पण अर्जातील प्रश्न कसा विचारता यावर सगळे अवलंबून असते. ‘आमचा रस्ता का केला जात नाही’ असे विचारले की ‘का’ हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही असे उत्तर येते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असते, कारण हा कायदा असलेला अभिलेख देतो, खुलासा देत नाही. म्हणून असे लिहावे: अमुक गट क्रमांकातील नऊ मीटर रुंदीच्या रस्त्याची नोंद ज्या नोंदवहीत आहे तिच्या त्या पानाची साक्षांकित प्रत द्यावी, नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा कचरा, दिवे, बाग हे त्यात कोंबू नये. शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस, आणि उत्तर आले नाही किंवा गोलमाल आले तर प्रथम अपील पुढच्या ३० दिवसांत करावे. आम्हाला ‘नोंद आढळून येत नाही’ हे चार शब्दांचे उत्तर मिळाले आणि त्या दिवसापासून प्रकरण हलू लागले, कारण आता काय मागायचे हे तरी कळले.

नोंद नसेल तर पुढचे काम महापालिकेत नाही, मूळ मालकाच्या घरी आहे. सातबाऱ्यावरील मालक हयात नसेल तर आधी वारसनोंद करून घ्यावी लागते, आणि मग सर्व वारसांनी रस्त्याची जागा विनामोबदला हस्तांतरित करण्यास संमती द्यावी लागते. यात शहाणपणाची आणि वयस्कर माणसे पुढे घालावीत. आमच्याकडे एका वारसाला वाटत होते की रस्ता दिला म्हणजे उरलेल्या तुकड्यावरचा हक्कही गेला; त्यांच्या अंगणात नकाशा पसरून, मोजपट्टी लावून, रस्त्याची कड कोठे संपते आणि त्यांची चिंचेची बांधावरची झाडे कोठे सुरू होतात हे दाखवले तेव्हा सही झाली. निवेदने, मोर्चा किंवा वर्तमानपत्रातील बातमी यांपैकी कशानेही ती झाली नसती. नगरसेवकाकडे जाण्याची खरी वेळ यानंतरची आहे, ताब्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी पुढे जातो तेव्हा. त्याआधी गेलो तर नारळ फुटतो, फलक लागतो आणि काम तिथेच राहते.

दरम्यान आपली यादी फोडावी असे मी आग्रहाने सांगेन. सगळ्या मागण्या एका निवेदनात घातल्या की सगळ्यांत अवघड मागणीच्या वेगाने बाकीच्या चालतात. कचऱ्याला ताबा लागत नाही. आरोग्य निरीक्षकाला आणि मुकादमाला भेटून घंटागाडीची वेळ बदलून घेता येते, आणि माझ्या पाहण्यात कोपऱ्यावरचा ढीग बहुतेकदा त्या वेळेमुळेच होतो: गाडी साडेदहाला येते आणि नोकरदार घर साडेआठला बंद होते. नुसता कंटेनर हलवण्याची मागणी करू नये. कंटेनर जातो, ढीग राहतो. बंद दिव्यांसाठी प्रत्येक खांबावर रंगवलेला क्रमांक लिहून तक्रार द्यावी आणि खांब महावितरणचा आहे की महापालिकेचा हे आधी पाहावे, कारण वीजवाहिनीचा खांब एकाचा आणि त्यावरचा दिवा दुसऱ्याचा असे सर्रास असते. ‘आमच्या भागात अंधार आहे’ या तक्रारीवर वायरमन येत नाही, ‘खांब क्रमांक अमुक’ या तक्रारीवर येतो.

गतिरोधकाची मागणी आपल्या यादीत आहे, ती मी असतो तर काढून टाकली असती. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे ठेकेदार जो उंचवटा घालतो त्याने रिक्षातील गरोदर बाई आणि रुग्णवाहिकेतील रुग्ण यांचेच हाल होतात, आणि दुचाकीवाला कडेच्या फटीतून त्याच वेगाने निघून जातो. त्यापेक्षा पदपथ मागावा, आणि तोही ‘पेव्हर ब्लॉक बसवावेत’ असा नको, ‘१.८ मीटर अडथळामुक्त रुंदीचा पदपथ’ असा मागावा. ती रुंदीही मानकातलीच आहे आणि ती लिहिली की मधोमध विजेचा डीपी बॉक्स बसवायला निदान संकोच वाटतो. (हे माझे ठाम मत आहे, गतिरोधकाने अपघात थांबले असे सांगणारे लोकही मला भेटले आहेत.)

बागेबाबत थोडी सावधगिरी हवी. आपण जिला मोकळी जागा म्हणता ती तीनपैकी काय आहे हे नकाशावरून ठरवावे: रेखांकनातील मोकळी जागा, सुविधा क्षेत्र (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा), की शहराच्या विकास आराखड्यातील आरक्षण. पहिली मुळात भूखंडधारकांच्या सामाईक वापरासाठी राखलेली असते आणि तिथे महापालिकेने बाग करावी असे वाटत असेल तर आधी आपल्याच लोकांचे एकमत लागते. दुसरी व तिसरी यांचा मार्ग निराळा आहे आणि तो कॉलनीच्या हातात फारसा नाही. एकमत होईपर्यंत जागा रिकामी ठेवू नये. तारेचे कुंपण आणि काही देशी झाडे लावून टाकावीत, कारण रिकाम्या जागेवर आधी गणपतीचा मांडव, मग त्याचे पत्र्याचे गोदाम आणि मग पक्के सभागृह उभे राहते, आणि त्याला हरकत घेणारा गावाचा वैरी ठरतो. झाडे मात्र कोठे वाढणार याचा विचार करून लावावीत; पुढे तोडायची झाली तर १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

वेळेचेही भान ठेवावे. महापालिकेचे वर्ष एप्रिलला सुरू होते, पण पैसे कोठे जाणार हे त्याआधीच्या हिवाळ्यात ठरते. मार्चमध्ये दिलेले निवेदन म्हणजे गाडी गेल्यावर काढलेले तिकीट. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील लहान कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात आणि एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते. आपल्या शहरात अशी सोय असेल तर बाके, दिशादर्शक फलक, दिव्यांची भर अशी लहान कामे तिथून मागावीत आणि रस्ता त्यात घालू नये, तो मर्यादेत बसणार नाही.

शेवटी रस्ता मंजूर झालाच तर कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करण्यासाठी दिलेल्या आदेशाची) प्रत मागून ठेवावी. तिच्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो आणि त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो. काँक्रीट ओतण्याआधी पाणी, मलनिःसारण आणि केबल यांच्या नळ्या रस्त्याखालून आडव्या टाकून घ्याव्यात, अंदाजपत्रकात नसल्या तरी कॉलनीने वर्गणी काढून टाकाव्यात. आमच्याकडे त्या टाकल्या नाहीत आणि नवा रस्ता पहिल्याच नळजोडणीसाठी फोडला गेला. आपला नमुना २३ चा शोध काय निघतो ते इथेच लिहावे. वारसनोंदीच्या टप्प्यावर आलात तर आम्ही वापरलेल्या संमतीपत्राचा मसुदा, नावे काढून, देऊ शकेन.