‘ॲक्यूट’ म्हणजे ‘तीव्र’ नव्हे

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर किडनीच्या आजारापुढे ‘ॲक्यूट ऑन क्रॉनिक’ लिहिलंय, डिक्शनरीत ॲक्यूटचा अर्थ ‘तीव्र’ सापडला, मग आजार हाताबाहेर गेला का?

मी डॉक्टर नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मेडिकल दुकानात बसतो, आणि लोकांना मराठीत नि कन्नडात कागद समजावून सांगणं रोजचंच आहे. या एका शब्दानं घाबरलेली माणसं मी खूप पाहिलीत. कन्नडातही ॲक्यूटला ‘तीव्र’च म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही भाषांतून भीतीच हाती येते. गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. गोळ्यांच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला, ‘ॲक्यूट ब्राँकायटिस’वर बोट ठेवलं आणि रडायलाच लागल्या. आठ दिवसांचा खोकला होता तो.

ॲक्यूट म्हणजे अचानक आलेला, नवा आजार. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूटच आणि हार्ट अटॅकही ॲक्यूटच. क्रॉनिक म्हणजे जुनाट, मुरलेलं दुखणं. मूळ ग्रीक शब्दच ‘काळ’ या अर्थाचा. किडनीचा बिघाड 3 महिन्यांहून जास्त टिकला तर क्रॉनिक म्हणतात. दोन्ही शब्द आजार किती दिवसांचा ते सांगतात. किती जोराचा, ते सांगायला माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे शब्द वेगळे आहेत.

तुमच्या कागदाचा अर्थ असा, की किडनी आधीपासून कमजोर होती आणि त्यावर आता अचानक नवा ताण आला. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की असं होतं. अंगदुखीच्या गोळ्यांनीही होतं, आणि गुडघे दुखतात म्हणून रोज त्या मागायला येणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. किडनीच्या रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलर घेऊच नये. नवा बिघाड वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा भरून येतो. जुना सहसा सांभाळत न्यावा लागतो.

म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: यातलं जुनं किती, नवं किती? कन्नड बोलणाऱ्या सिस्टर असतील तर ‘एष्टु दिन आय्तु?’ (किती दिवस झाले?) एवढंही पुरे. जाताना वडिलांचे जुने रक्ताचे रिपोर्ट न्या, अगदी दोन वर्षांपूर्वीचेसुद्धा. तेव्हाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) आणि आताचं शेजारी ठेवलं की डॉक्टरांना फरक लगेच दिसतो.