एलडीआरबरोबर कितीचा रेझिस्टर लावायचा?

एलडीआरचा (उजेड वाढला की रोध कमी होणाऱ्या सेन्सरचा) एक पाय ५ व्होल्टला, दुसरा थेट अर्डुइनो उनो बोर्डाच्या ए-० पिनला, आणि उजेड असो की अंधार, रीडिंग १०२३ च्या, म्हणजे कमाल आकड्याच्या आसपासच चिकटलेलं, असं तू लिहिलंयस. एलडीआर ठणठणीत आहे, दुसरा आणायला पळू नकोस. (दादा म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय.)

ती पिन व्होल्टेज मोजते, रोध नाही. शिवाय ती करंट जवळपास ओढतच नाही. करंटच नाही म्हटल्यावर एलडीआर २ के (किलोओहम) असला काय नि २०० के असला काय, त्याच्यावर व्होल्टेज पडणार कुठून? म्हणून पिनपासून ग्राउंडला एक रेझिस्टर लाव. मग ५ व्होल्ट दोघांत रोधाच्या प्रमाणात वाटले जातात आणि पिनवर त्या रेझिस्टरच्या वाट्याचे येतात. यालाच व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. उजेड वाढला की आकडा वाढेल.

आता कितीचा? नेटवर जो तो १० के सांगतो. चालतो तोही. पण तुला बाल्कनीतला दिवा तिन्हीसांजेला लावायचाय, तेव्हा आकडा तिथूनच काढ. एलडीआर सर्किटमधून सोडव, जिथे बसवणार तिथेच धर, आणि 'आता दिवा हवा' असं वाटेल तेव्हा मल्टिमीटरने त्याचा रोध मोज. बोटाची सावली पडू देऊ नकोस. समज, १८ के आला. तर रेझिस्टरही १८ केचाच घे. दोन्ही सारखे असतात तिथे डिव्हायडर सगळ्यात तिखट असतो: रीडिंग ५१२, आणि एलडीआरचा रोध १० टक्के वाढला की ४८७. त्याच जागी १ के लावलास तर ५४ वरून ४९. एवढा फरक नुसत्या खरखरीतही येतो.

१८ के म्हणजे तपकिरी, करडा, नारिंगी. पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे मिळतात, पण पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात, मीटर लावून घे.

यूएसबीचे ५ व्होल्ट ४.७ झाले तरी काळजी नको. एडीसीचा (पिनवरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या उनोतल्या भागाचा) संदर्भही तोच असल्यामुळे दोन्ही एकदमच उतरतात. प्रोग्राममध्ये मात्र एकच आकडा ठेवू नकोस. रीडिंग ४८० च्या खाली गेलं की दिवा लाव, ५६० च्या वर गेलं की बंद कर. आणि दिव्याचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडू देऊ नकोस, नाहीतर रात्रभर उघडझाप चालेल.

दुसरा प्रश्न, याच डिव्हायडरने ५ चे ३.३ करून वायफाय मॉड्यूल चालेल का? अजिबात नाही. १० के आणि २० के लावून मीटरवर ३.३ दिसतील खरे, पण खालचा २० के शॉर्ट केला तरी त्यातून अर्धा मिलीॲम्पच निघतो. मॉड्यूलला शेकड्यांनी लागतात. त्यासाठी ३.३ चा एएमएस१११७ व्होल्टेज रेग्युलेटर घे. डिव्हायडर सिग्नलसाठी, सप्लायसाठी नाही.