मराठी लाइफस्टाइल संकेतस्थळाची पुनर्रचना कोठून सुरू करावी?

पाककृती, घरसजावट, पेहराव आणि प्रवास या विषयांवरचे आपल्या प्रकाशनाचे मराठी संकेतस्थळ नव्याने घडवताना जुना वाचक न गमावता सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी डिजिटल माध्यमांसाठी हेच काम करतो, आणि माझे ठाम मत असे की सुरुवात लेखाच्या पानापासून करावी. बैठकांमध्ये बहुतेक वेळ होमपेजवर खर्च होतो, कारण संपादक आणि व्यवस्थापक ते रोज उघडतात. वाचक मात्र बहुधा गूगलवर 'चकलीची भाजणी' शोधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून थेट लेखात उतरतो.

म्हणूनच जुन्या लेखांचे वेबपत्ते (यूआरएल) ही आपली खरी मिळकत आहे. बातमी दोन दिवसांत शिळी होते, पण उकडीच्या मोदकांचा लेख दर गणेशोत्सवात पुन्हा वाचला जातो. यूआरएल बदलणे टाळता येत नसेल, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचे सांगून आपोआप तिकडे वळवणारी सूचना, द्यावा. सगळे पत्ते सरसकट होमपेजकडे वळवले, तर गूगल त्यांना 'पान सापडले नाही' असेच समजू शकते. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असे गूगल सांगते. मी ते कधीच काढत नाही.

दुसरा, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा, मुद्दा अक्षरांचा आहे. तयार थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या मांडणीचे आयते साचे, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. त्यांतील शीर्षकांना दिलेले अक्षरांमधले जादा अंतर देवनागरीत शिरोरेषा तोडते, आणि ओळींमधले तोकडे अंतर वेलांट्या व उकार एकमेकांवर आदळवते. मी मजकुरासाठी ते अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.७ पट ठेवतो. जोडाक्षरे फॉन्टमधल्या नियमांनी घडतात, त्यामुळे फॉन्टची फाइल हलकी करताना ते नियम छाटले गेले तर 'दुसऱ्या'सारखे शब्द मोडतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंदही आवर्जून करावी, कारण तशी सोय असलेले फॉन्ट त्या नोंदीवरूनच 'ल' आणि 'श' मराठी वळणाने दाखवतात. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता हा खुल्या परवान्याचा फॉन्ट अवश्य पाहावा.

वेगाबाबत गूगलचे निकष स्पष्ट आहेत: मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मजकूर जागेवरून किती सरकतो हे मोजणारा गुणांक ०.१ च्या आत राहावा, आणि हे किमान ७५ टक्के भेटींमध्ये साधावे. लाइफस्टाइलच्या पानांवर बिघाड बहुधा जाहिराती आणि मोठी छायाचित्रे करतात. जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवली नाही, तर साहित्याची यादी वाचता वाचता मजकूर खाली घसरतो, आणि कणकेच्या हातांनी मोबाइल धरलेल्या वाचकाला तो पुन्हा शोधावा लागतो. चित्रे गरजेनुसार उशिरा उतरवणे चांगलेच, मात्र लेखातील सर्वांत वरचे चित्र त्यातून वगळावे.

नवे रूप गणेशोत्सव ते दिवाळी या काळात कदापि आणू नये. संक्रांत उलटल्यावर आणि वाळवणांचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, ते आणावे, म्हणजे सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे चालते हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) दिसणाऱ्या चुका दुरुस्त करायला पुढच्या गणपतीपर्यंत पुरेसा अवधी मिळेल.