रात्री ९ चा सामना, सकाळी ८ ची लॅब

प्रश्न : ताई, आम्ही वीस वर्षांपासून ओहायोत राहतो. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघात वॉक-ऑन आहे, म्हणजे स्कॉलरशिप नाही. गेल्या महिन्यात बुधवारी बाहेरगावचा सामना टीव्हीसाठी रात्री ९ ला सुरू झाला. तो खोलीवर पोचला पहाटे पावणेतीनला. सकाळी ८ ला लॅब होती, ती झोपेत गेली. प्रोफेसरांनी शून्य दिलं. आता तो म्हणतो, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलून सोपं काहीतरी घेतो. त्याचे बाबा म्हणतात, खेळच सोड. मी कोचना फोन करू का?
– एक आई

उत्तर : ताई, फोन करू नका. आणि मेजर बदलायच्या फॉर्मवर त्याला या सेमिस्टरमध्ये तरी सही करू देऊ नका.

मी चौदा वर्षं एका स्टेट युनिव्हर्सिटीत खेळाडूंची अकॅडमिक ॲडव्हायझर होते. तुमचं पत्र वाचताना गुरुवारी सकाळचा आमचा स्टडी हॉल डोळ्यांसमोर आला. टेबलावर डोकं टेकून झोपलेली सहा फूट आठ इंचांची मुलं. त्यांना हलवून उठवायचं काम माझं होतं आणि ते मला कधीच आवडलं नाही.

सामन्याची वेळ कोचच्या हातात नसते. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरचा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या देशव्यापी संघटनेचा, ताबा काढून घेतला. तेव्हापासून कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचे गट, आपापले हक्क विकू लागल्या, आणि हक्क विकत घेणाऱ्याचा शब्द वेळापत्रकात चालू लागला. बिग टेन या कॉन्फरन्सने २०२२ मध्ये केलेला टीव्ही करार सात वर्षांचा आहे आणि सात अब्ज डॉलर्सच्या वरचा. एवढे पैसे मोजणारं चॅनल संध्याकाळी ७ ला एक सामना लावतं आणि तो संपला की ९ ला दुसरा. तुमचा मुलगा त्या दुसऱ्यात सापडला. शिवाय खेळ ४० मिनिटांचाच असला तरी दर हाफमध्ये चार टीव्ही टाइमआउट, म्हणजे जाहिरातींसाठीचे थांबे, येतात. सव्वाअकरा सहज वाजतात. मग बर्फ, अंघोळ, जेवण, बस, विमान. पावणेतीनला पोचला म्हणजे त्यांनी कुठेही वेळ घालवलेला नाही.

आता वीस तासांचा नियम. हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास, याच्या वर मागता येत नाहीत, असं तुम्हाला दाखल्याच्या वेळी सांगितलं असेल. नियम खरा आहे. पण सामन्याचा दिवस त्यात सरसकट ३ तासांचा धरतात, आणि प्रवास धरतच नाहीत. दुपारी निघून पहाटे परतलेल्या तुमच्या मुलाचा तो बुधवार कागदावर ३ तासांचा आहे. मी असे तक्ते वर्षानुवर्षं पाहिले आहेत आणि तरी दर वेळी मला त्रास झाला.

खोलीवर पोचल्या पोचल्या झोप लागत नाही हेही लक्षात घ्या. डोळ्यांवर तासन् तास झगझगीत प्रकाश, अंगात सामन्याची धग, आणि बहुतेक मुलं सामन्याआधी एनर्जी ड्रिंक पितात. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण ५ तास लागतात. लॅब ‘झोपेत गेली’ असं तुम्ही लिहिलंत. माझ्या हिशोबाने तो जेमतेम चार तास झोपला असता, उठून लॅबला गेला असता तरी.

आता मेजरबद्दल. माझ्याकडे एक केमिकल इंजिनिअरिंगचा मुलगा होता, तिसऱ्या वर्षाचा. रात्रीचे सामने, बुडालेल्या लॅब, घसरलेले ग्रेड, सगळं असंच. मीच त्याला सोपं मेजर सुचवलं. तो वेळेत पदवीधर झाला, आमच्या विभागाच्या अहवालात तो यश म्हणून मोजला गेला. दोन वर्षांनी त्याचा ईमेल आला : कम्युनिटी कॉलेजमध्ये पुन्हा केमिस्ट्री घेतोय, पहिल्यापासून. त्याने मला दोष दिला नव्हता. मी मात्र तो ईमेल अजून जपून ठेवला आहे, आणि तुम्हाला हे सगळं लिहिते आहे ते त्याच्यामुळेच.

कारण खेळाडूला मेजर बदलणं इतर मुलांसारखं नसतं. एनसीएएच्या डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या गटात दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पुरा लागतो, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. तिसरं वर्ष सुरू होताना मेजर जाहीर केलेलं असावं लागतं. इंजिनिअरिंगमधून बाहेर पडता येतं, पण एकदा बाहेर पडून परत यायचं म्हटलं तर ही टक्केवारी भरतच नाही, आणि मैदानावर उतरता येत नाही. एका शून्यासाठी हा दरवाजा लावून घेऊ नये.

रात्र बदलता येणार नाही, सकाळ बदलता येते. पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन व्हायचं असेल. खेळाडूंना बऱ्याच ठिकाणी इतरांच्या आधी नाव नोंदवता येतं, त्याचा पुरेपूर उपयोग करू दे. अडचण अशी की दुपारची लॅब घ्यावी तर प्रॅक्टिस आडवी येते. मग लॅबचा शुक्रवारचा किंवा सोमवारचा सेक्शन बघायचा, पण आधी संघाचं वेळापत्रक समोर ठेवून, कारण सोमवारी रात्रीही सामने लागतात. सगळ्यात जड एक विषय उन्हाळ्यात काढायचा. माझ्याकडचे जे इंजिनिअर तरले, त्यातल्या बहुतेकांनी हेच केलं होतं.

प्रोफेसरांना दिलेलं ट्रॅव्हल लेटर, म्हणजे सामन्यासाठी वर्ग बुडणार असल्याचं पत्र, त्याला नीट वाचायला सांगा. आमच्याकडच्या पत्रात निघायची वेळ असायची, परतीची नसायची. सामन्याचा दिवस माफ, दुसरी सकाळ मात्र हजेरीची. शून्य बहुधा त्या फटीतूनच आलं असणार. प्रत्येक एनसीएए संस्थेत फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह असतो. तो प्राध्यापकच असतो, कोचचा माणूस नसतो. मुलाने त्याच्याकडे जावं आणि दोनच गोष्टी मागाव्यात : गेलेल्या लॅबची भरपाई, आणि इथून पुढे पत्रात परतीची वेळ.

जायचं मुलानेच. फेर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे त्याच्या लेखी संमतीशिवाय युनिव्हर्सिटी सहसा तुमच्याशी त्याच्या मार्कांबद्दल बोलणारही नाही, आणि कोचना आईचा फोन गेला तर एका वॉक-ऑनचं संघात काय होतं ते मी पाहिलं आहे.

प्रवासात अभ्यास जाताना, येताना फक्त झोप. परीक्षा आली तर संघाबरोबरच्या ॲडव्हायझरच्या देखरेखीखाली हॉटेलमध्ये देता येते का ते आधी विचारायचं. आमच्याकडे हे सर्रास व्हायचं. आणि झोपेवरून कोणी त्याला आळशी म्हटलं तर एक सांगा : स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २०११ साली ते निष्कर्ष छापून आले. फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली होती. ११ च खेळाडू होते, तरी कोच लोक ही गोष्ट कान देऊन ऐकतात.

त्याच्या बाबांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलगा दमला आहे, त्याला खेळाचा कंटाळा आला आहे असं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. आणि टीव्हीला रात्रीचीच वेळ लागते असंही नाही. ७ एप्रिल २०२४ ला कॉलेज बास्केटबॉलचा महिलांचा अंतिम सामना रविवारी दुपारी ३ ला झाला, १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी पुरुषांचा रात्री ९:२० ला, तो दीड कोटींच्या आत राहिला. पुरुषांचा केबलवर होता आणि महिलांचा सामना हा केटलिन क्लार्क या गाजलेल्या खेळाडूचा शेवटचा कॉलेज सामना होता, हे मान्य. तरीही दुपारी लोक बघतात.

प्रश्न : मी एफ-१ व्हिसावर शिकते, व्हॉलीबॉल खेळते. उशिराच्या सामन्यांमुळे संघातल्या बऱ्याच मुलींनी सगळे कोर्स ऑनलाइन घेतलेत. मीही घेऊ का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नको गं. तुझ्या मैत्रिणींना चालतं, तुला चालणार नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला एफ-१ वर साधारणपणे किमान १२ क्रेडिट्स लागतात, आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन फक्त एक कोर्स, म्हणजे ३ क्रेडिट्स, धरला जातो. १२ पुरे झाल्यावर वरचा एखादा ऑनलाइन घेतलास तर हरकत नाही. त्यामुळे तुझा तो एक ऑनलाइन कोर्स जपून वापर : ज्या विषयाचा वर्ग सकाळी लवकर असतो आणि ज्यात लॅब नाही, त्यासाठी. सेमिस्टरच्या मध्यात झेपेनासं झालं आणि कोर्स सोडावासा वाटला, तर १२ च्या खाली जाण्याआधी तुझ्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी घे. कोचने ‘चालेल’ म्हटलं तरी आधी डीएसओ.