‘फॉरेस्टर’ म्हणजे वनपालच का?

प्रश्न असा आला आहे: कार्ल कास्टहोफर (1777–1853) या स्विस माणसाचा परिचय लिहिताना ‘लिबरल राजकारणी आणि फॉरेस्टर’ हे मराठीत कसे लिहावे? ‘मवाळ पुढारी व वनपाल’ चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द चुकतील.

‘वनपाल’ शब्द सुरेख आहे, पण तो आपल्या वनखात्याने एका हुद्द्याला देऊन टाकला. वनरक्षकाच्या वर आणि वनक्षेत्रपालाच्या खाली बसतो तो वनपाल. एक परिमंडळ सांभाळतो. कास्टहोफर 1806 पासून उंटरझेनला राहून बर्नच्या अख्ख्या डोंगराळ मुलखाची, ओबरलँडची, जंगले पाहत होता. पुढे तो साऱ्या बर्न कँटनचा (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडमधले घटकराज्य) वनप्रमुख झाला. त्याला वनपाल म्हटले तर कलेक्टरला तलाठी केल्यासारखे होईल. नोकरीबद्दल लिहिताना ‘वनाधिकारी’ आणि एरवी ‘वनतज्ज्ञ’ लिहावे.

‘मवाळ’चे दुखणे वेगळे. तो शब्द ऐकला की आपल्याला गोखले आठवतात आणि समोर जहाल उभे राहतात. बर्नमध्ये 1831 साली लिबरलांच्या रेट्यापुढे जुन्या खानदानी घराण्यांना सत्ता सोडावी लागली. कास्टहोफर याच लिबरलांपैकी, पुढे कँटनच्या सरकारातही बसलेला. ही मंडळी मवाळ कसली! ‘उदारमतवादी’ हाच शब्द ठेवा.

आता थोडे विषयांतर. जर्मनमध्ये ‘वाल्ड’ आणि ‘फोर्स्ट’ असे दोन शब्द आहेत. वाल्ड म्हणजे साधे रान. फोर्स्टच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द जुन्या कागदपत्रांत राजाने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जंगलाला वापरत, म्हणजे आपले ‘राखीव’. तिसरा ‘बानवाल्ड’: हिमकडा गावावर कोसळू नये म्हणून ज्यात कुऱ्हाडबंदी असते ते गावामागचे रान. आंडरमाट या स्विस गावाचे असे बंदीपत्र 1397 सालचे आहे. इथे ‘देवराई’ लिहिण्याचा मोह होईल, पण ती राखण देवासाठी नव्हे, गावाच्या जिवासाठी. ‘राखण-रान’ म्हणा.

आणि गंमत पाहा, हुद्द्यात आयुष्यभर ‘फोर्स्ट’ वागवणाऱ्या या माणसाने खेड्यातल्या शाळा, शेतकरी आणि गावकारभारी यांच्यासाठी 1828–29 मध्ये पुस्तक लिहिले, त्याच्या नावात मात्र ‘वाल्ड’ घातला: ‘डेर लेरर इम वाल्डे’. त्याचे मराठी ‘वनातील शिक्षक’ करू नका, शासकीय परिपत्रक वाटते. ‘रानातले गुरुजी’ करा.