लॉजचा इतिहास लिहिताना आधी दार बघ

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गावातल्या जुन्या फ्रीमेसन लॉजचा, म्हणजे मेसन म्हणवणाऱ्या त्या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचा, इतिहास लिहायला घेतलायस, वाचून फार बरं वाटलं. जो भेटतो तो आधी ‘आत काय चालतं, तुला कळलं का?’ असंच विचारतो, असं तू लिहितेस. विचारणारच. उत्तरेत लोक या इमारतींना जादूघर म्हणायचे. आपल्याकडेही छावणीच्या गावांत लॉजच्या बंद खिडक्यांवरून मुलांना भीती घालायची पद्धत होती. पण माझं ऐकशील तर त्या प्रश्नामागे लागू नकोस. मेसन मंडळींच्या विधींची वर्णनं लंडनमध्ये 1730 पासून छापून येत आली आहेत. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन, गुण्या आणि कंपास, सगळं कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात वाचायला मिळतं. लॉजमध्ये कोणाला घेतलं, कोणाला बाहेर ठेवलं, आणि कोणत्या साली हे बदललं, हे मात्र आयतं कुठेच मिळत नाही. तुझं काम तिथे आहे.

मुंबईच्या एका लॉजचा दाखला देतो. ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ त्याचं नाव, क्रमांक 342, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे तिथल्या लॉजांवरच्या मुख्य संस्थेच्या, सनदेचं. तुझं लॉज त्याहून लहान असेल, पण प्रश्न तेच येतील.

1843 साल घे. त्या वर्षी 3 जानेवारीला मुंबईत जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाची, म्हणजे आपल्या जे.जे.ची, कोनशिला बसली. ती मेसन पद्धतीने बसली आणि बसवणारे होते डॉ. जेम्स बर्न्स. स्कॉटलंडमधल्या माँट्रोझचे हे डॉक्टर कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत होते आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांचे प्रांतिक ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुखही. त्यांचा धाकटा भाऊ अलेक्झांडर बर्न्स 1841 मध्ये काबूलच्या उठावात मारला गेला, तो तुला पहिल्या अफगाण युद्धाच्या इतिहासात भेटला असेल. मेसन कोनशिला बसवतात तेव्हा दगडावर ओळंबा, पाणसळ आणि गुण्या लावून तो सरळ बसल्याची खात्री करतात, मग धान्य, मद्य आणि तेल ओततात. देणगी पारशी दात्याची, रुग्णालय गावातल्या गोरगरिबांसाठी, आणि विधी करणारे बहुतेक सगळे युरोपीय. कारण त्या जानेवारीत मुंबईच्या लॉजांत हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, माणसाला प्रवेश मिळत नव्हता.

नियमात असं काही होतं का? नव्हतं. लंडनच्या ग्रँड लॉजसाठी जेम्स अँडरसनने 1723 मध्ये छापलेल्या घटनेत म्हटलं होतं की ज्या धर्मावर सगळी माणसं एकमताने येतात तेवढाच मेसनवर बंधनकारक, बाकीची मतं ज्याची त्याने स्वतःपाशी ठेवावीत. मद्रासकडे अर्काटच्या नवाबाच्या मुलाला अठराव्या शतकातच दीक्षा मिळाली होती. तरीही मुंबईत दार बंद होतं. घटनेत काय लिहिलंय आणि मतदानाच्या पेटीत काय पडतंय, या दोन गोष्टी तुझ्या टिपणांत नेहमी वेगवेगळ्या ठेव.

त्या पेटीबद्दल तपशिलाने लिहितो, कारण तुझ्या लॉजच्या कागदांत ती पानोपानी येणार आहे. नवा उमेदवार आला की एक सभासद त्याचं नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. पुढच्या सभेच्या छापील नोटिशीत, जिला ते ‘समन्स’ म्हणतात, उमेदवाराचं नाव, धंदा, पत्ता आणि सुचवणाऱ्यांची नावं येतात. सभेत एक लाकडी पेटी फिरते. प्रत्येकाने आत हात घालून पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. काळ्या गोट्या थोड्या जरी निघाल्या, तरी उमेदवार नापास. कारण कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचंही नाही. त्यामुळे इतिवृत्तात नकाराची ओळ जेमतेम चार शब्दांची असते, आणि कित्येकदा तीही नसते. नोटिशीत छापलेलं नाव नंतर सभासदांच्या यादीत सापडलं नाही, तर तिथे थांब. समन्सांची फाईल आणि सभासदांचं रजिस्टर शेजारी ठेवून नाव-नाव ताडून बघ. काम कंटाळवाणं आहे. पण माणूस गळला कुठे, हे दुसऱ्या कुठल्याही वाटेने कळत नाही.

माणेकजी करसेटजी असेच गळलेले होते. जन्म 1808, पुढे मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी नाकारलं होतं, मग 1840 मध्ये सभासद करून घेतलं. ‘पर्सिव्हरन्स’ या मुंबईच्या लॉजने त्यांना घेतलं नाही. युरोपच्या प्रवासात ते पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेऊन मेसन झाले आणि परत आले. आता ते रीतसर बंधू होते. मेसनांच्या शिस्तीप्रमाणे बंधूला दुसऱ्या लॉजचं दार उघडं असायला हवं. तरीही मुंबईत त्यांना सभासदत्व मिळेना. पॅरिसमध्ये चालणारा माणूस मुंबईत का चालत नाही, याचं उत्तर देणं तेव्हा अवघड झालं. काही युरोपीय सभासदांनीच बर्न्सकडे अर्ज केला की हिंदी लोकांना घेता येईल असं वेगळं लॉज काढू द्यावं. डिसेंबर 1843 मध्ये ‘रायझिंग स्टार’ उघडलं आणि बर्न्स स्वतः त्याचे पहिले मास्टर, म्हणजे लॉजप्रमुख, झाले. ज्या वर्षाच्या सुरुवातीला जे.जे.चा दगड बसला, त्याच वर्षाच्या शेवटी हे झालं.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी बघ. बर्न्सना श्रेय द्यायलाच हवं. त्यांच्या हाती अधिकार होता आणि तो त्यांनी दार उघडायला वापरला. वसाहतीच्या मुंबईत गोरा अधिकारी आणि पारशी व्यापारी एका खोलीत एकमेकांना बंधू म्हणतात, शपथ प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची, आणि काळ्या-पांढऱ्या गोट्यांची पेटी हिंदी माणसाच्याही हातात येते, ही 1843 मध्ये क्षुल्लक गोष्ट नव्हती. मला हा प्रसंग मनापासून मोलाचा वाटतो. पण ‘पर्सिव्हरन्स’चं दार काही त्या दिवशी उघडलं नाही. हिंदी लोकांसाठी शेजारी दुसरं दार काढलं गेलं. लॉजवाल्यांनी लिहिलेल्या इतिहासात पहिली बाजू भरभरून येते, दुसरी सहसा येत नाही.

दार सगळ्यांसाठी उघडलं नव्हतं, हेही नोंदव. एकेश्वरवादी म्हणून पारशी आणि मुसलमान लवकर मान्य झाले. हिंदूंच्या बाबतीत आक्षेप निघायचे की अनेक देव मानणाऱ्याने एका परमेश्वराच्या नावाने शपथ कशी घ्यावी, आणि सभेनंतरच्या मेजवानीला जातीचं बंधन असलेला माणूस पंगतीला कसा बसेल. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 मध्ये अर्ज केला, त्यांना दीक्षा मिळाली 1872 मध्ये. नऊ वर्षं भांडावं लागलं. पुढे तिथल्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये 1884 साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण आला, तोच विवेकानंद. दारिद्र्य आणि स्त्रिया हे दोन अडसर मात्र कोणी काढायला गेलं नाही. प्रवेश फी, वर्गणी, मेजवानीचा खर्च, धर्मादायाची झोळी, हे पेलणाराच आत. हिशेबाच्या वहीत फीचा आकडा सापडला की त्या साली गावातल्या कारकुनाचा पगार किती होता तेही शोध, आणि दोन्ही आकडे एकाच पानावर लिही. तुला स्वतःला आजही त्या लॉजचं सभासद होता येणार नाही. म्हणून हा इतिहास तू लिहू नयेस असं सुचवणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, कागद मागत राहा.

आपल्या मराठी वाचकासाठी एक धागा इथे जोडता येईल. ‘रायझिंग स्टार’ निघाल्यावर पाच-सहा वर्षांतच त्याच मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर यांच्या मंडळींची परमहंस सभा गुप्तपणे भरू लागली. तिथे जात मोडायची शपथ होती, पावाचा तुकडा खाऊन ती सिद्ध करायची होती. मेसनांपासून त्यांनी थेट काही उचललं असं लिहू नकोस, त्याला पुरावा लागेल. पण 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि सभा कोसळली. मेसनांचं तसं झालं नाही. त्यांची सभासदत्वं वर्तमानपत्रांत मिरवत होती, मिरवणुकीत एप्रन बांधून ते रस्त्यावर चालत होते. लपवायची होती ती फक्त आतली खूण. परमहंसांना स्वतःचं नाव लपवावं लागत होतं. गुप्त संस्था म्हणून दोघांना एका रांगेत बसवणाऱ्यांना हा फरक दिसत नाही. दडपण कोणावर होतं आणि संरक्षण कोणाला होतं, हे तुझ्या प्रकरणातही विचार.

आता साधनांबद्दल. सनदेवरचा क्रमांक आणि पुढची अक्षरं आधी टिपून घे, सनद कोणत्या देशाच्या ग्रँड लॉजची ते त्यांवरून कळतं. स्कॉटिश असेल तर वरच्या नोंदी एडिंबराला, आयरिश असेल तर डब्लिनला. इंग्लिश असेल तर लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलमधल्या ग्रंथालयात, आणि 1921 पर्यंतची इंग्लिश सभासद रजिस्टरं ऑनलाइनही निघाली आहेत. 24 नोव्हेंबर 1961 ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले, आणि इथल्या लॉजांना तिकडे जायचं की जुन्या सनदेखाली राहायचं हे ठरवायची मोकळीक मिळाली. तुझ्या लॉजने काय ठरवलं, कोण विरोधात होतं, ती सभा सापडली तर पूर्ण उतरवून घे. क्रमांक मध्येच बदललेला दिसला तर गोंधळू नकोस, त्यामागचं कारण बहुतेक हे सनद बदलणंच असतं.

सगळ्यात दुर्लक्षित वही म्हणजे दाराशी ठेवलेलं हजेरीचं रजिस्टर. दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा पदाधिकारी, टायलर, आत जाणाऱ्या प्रत्येकाची सही घेतो. पाहुण्याने आपलं मूळ लॉजही लिहायचं. रेल्वे आली की पाहुण्यांची गावं कशी बदलतात, पलटण हलली की हजेरी कशी अर्ध्यावर येते, हे त्या सह्यांतून दिसतं. मोडीत सही, गुजरातीत सही, इंग्रजीत सही, सगळ्यांचे फोटो घे. इतिवृत्त चिटणीस सावरून लिहितो, सही मात्र ज्याची त्याने तिथेच केलेली असते.

लॉजने स्वतः छापलेला सुवर्णमहोत्सवी ग्रंथ मिळाला तर आदराने वाच. ‘रायझिंग स्टार’चा इतिहास डी. एफ. वाडियांनी 1912 मध्ये छापला, त्याच्याआधी 1907 मध्ये खरशेटजी रुस्तमजी कामा यांच्या मेसन कारकिर्दीच्या गौरवार्थ जीवनजी जमशेदजी मोदींनी ग्रंथ संपादित केला. अशा पुस्तकांत मास्टरांची क्रमवारी, तारखा, देणग्या नेटक्या मिळतात. ती मंडळी आपल्या घराबद्दल लिहीत होती, म्हणून नाकारलेल्यांची हकिगत तिथे शोधू नकोस. ती समकालीन वर्तमानपत्रांत शोध. ‘बॉम्बे टाइम्स’ 1838 पासून निघत होता आणि मेसनांच्या सभांच्या बातम्या हौसेने देत होता.

पारशी नावांत जपून राहा. भायखळ्याचा खडा पारशी तू उड्डाणपुलावरून पाहिला असशील. पुलाच्या दोन फाट्यांमध्ये उंच खांबावर उभा, पायथ्याशी दिवे धरलेल्या मत्स्यकन्या. तो पुतळा शेठ करसेटजी माणेकजी यांचा. उभारणारे त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी, म्हणजे आपले लॉजवाले. बाप-लेकांची नावं उलटसुलट, म्हणून एकाच्या खात्यावर दुसऱ्याचं कर्तृत्व सहज जातं. तुझ्या यादीत जन्मसाल आणि धंदा हे दोन रकाने त्यासाठीच ठेव. याच माणेकजींनी 1863 मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन काढलं आणि मुलींना इंग्रजी शिक्षण द्यायला निघाल्याबद्दल स्वतःच्या समाजाचा रोष घेतला. लॉजच्या इतिहासात हे अवांतर म्हणून गाळू नकोस. एकेका सभासदाने लॉजबाहेर काय केलं, हा रकाना भरला नाहीस तर हाती फक्त पदाधिकाऱ्यांची यादी उरेल.

चिटणिसांना भेटशील तेव्हा विधीच्या वहीला हात लावणार नाही, हे आपणहून आधीच सांग. इतिवृत्त, रजिस्टर, हिशेब आणि समन्स एवढंच लेखी माग. हयात सभासदांची नावं छापण्यापूर्वी प्रत्येकाला विचार. पहिल्या दहा वर्षांची यादी जुळली की मला पाठव, विशेषतः ज्यांचं नाव समन्समध्ये आहे आणि रजिस्टरात नाही त्यांची. ती आपण बसून एकत्र बघू.

तुझा,
काका